देणगीदार : एक रणगाडा

संस्थेचा इतिहास लिहायला बसलं की पहिली पंचाईत होते ती देणगीदारांच्या यादीची. कोणाचं नाव वर गेलं, कोणाचं खाली आलं, कोणाच्या नावाआधी 'कै.' लावायचं राहिलं (किंवा चुकून लागलं), यावरून स्मरणिका वाटून झाल्यावरही वर्षभर बोलणी खावी लागतात. आज जिचा इतिहास सांगायचा आहे त्या शाळेपुढे ही पंचाईत नव्हती. तिच्या मूळ देणगीदारांत एक रणगाडा, काही लष्करी ट्रक आणि काही घोडे आहेत. पळ काढणाऱ्या जर्मन सैन्याने मागे टाकलेले. बहुतेक ठिकाणी आकडा तीन ट्रक आणि सहा घोडे असा येतो. रणगाडा मात्र सगळ्यांच्या सांगण्यात एकच.

उत्तर इटलीत, पो नदीच्या सपाट खोऱ्यात रेज्जो एमिलिया नावाचं शहर आहे. तिथून पश्चिमेला, पार्माच्या रस्त्याला काही किलोमीटर गेलं की व्हिला चेल्ला. व्हिला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोणावळ्याचा बंगला येतो. तिकडे शहराभोवतीच्या वस्त्यांच्या नावाआधी 'व्हिला' लावायची रीत आहे, त्यामुळे आपल्या भाषेत गावाचं नाव झालं चेल्लावाडी. गाई-गुरं, चारा, दूध आणि जगभर ज्याला पार्मेझान म्हणतात ते चीज, हा त्या भागाचा प्रपंच. गावाला लागून जाणारा रस्ता व्हिया एमिलिया. रोमनांनी तो ख्रिस्तपूर्व १८७ मध्ये बांधला, रिमिनीपासून पियाचेन्झापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत. सरळ रस्त्याचा फायदा बाजाराला होतो तसाच फौजांनाही.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हा मुलुख परका वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे सहकाराची मुळं खोल गेलेली होती : शेतमजुरांच्या संस्था, ग्राहक भांडारं, दूध एकत्र करणाऱ्या मंडळ्या. कामिल्लो प्राम्पोलिनी हे तिथल्या समाजवाद्यांचं मोठं नाव. १९२० नंतर फॅसिस्ट टोळ्यांनी अशा संस्थांच्या कचेऱ्या जाळल्या, माणसांना बडवलं, आणि पुढची वीस वर्षं चार माणसांनी आपणहून एकत्र बसून काही ठरवणं हाच गुन्हा होऊन बसला. चेल्लाच्या शाळेची गोष्ट पुष्कळदा चमत्कारासारखी सांगितली जाते. युद्ध संपलं आणि गरीब शेतकऱ्यांना एकाएकी शाळा सुचली. मला ते पटत नाही. या लोकांना संस्था काढायची सवय होती. ती वीस वर्षं दाबून ठेवली होती, एवढंच.

युद्धाचे शेवटचे वीस महिने फार वाईट गेले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्तांशी तह केला आणि जर्मनांनी उत्तर इटली ताब्यात घेतली. २८ डिसेंबर १९४३ ला रेज्जो शहरात चेर्वी कुटुंबातल्या सात भावांना एकाच वेळी गोळ्या घातल्या. हे चेर्वी चेल्लापासून जवळच्याच शिवारातले शेतकरी. फरारी कैद्यांना आणि बंडखोरांना घरात थारा देत होते. सातही भाऊ गेले, मागे म्हातारे आई-बाप, सुना आणि नातवंडं. जानेवारी १९४४ मध्ये दोस्तांच्या विमानांनी शहरातल्या रेज्जाने या विमानांच्या कारखान्यावर बाँब टाकले, त्यात आजूबाजूची वस्तीही गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये डोंगरातल्या चेर्वारोलो गावात जर्मनांनी चोवीस पुरुषांना एका खळ्यावर उभं करून मारलं. जूनमध्ये ला बेत्तोला इथे बत्तीस माणसं. ज्यांनी मारलं ते परके होते, ज्यांनी वाट दाखवली ते पुष्कळदा आपल्यातलेच. खेडं मोडतं ते या दुसऱ्या गोष्टीने. पडलेली भिंत पुन्हा बांधता येते; पण पाणी भरताना शेजारणीशी बोलायचं की नाही, हा प्रश्न गवंड्याला सोडवता येत नाही.

इथे थोडं विषयांतर. याच युद्धात, याच देशात मराठी माणसं लढत होती. तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला कामी आलेले माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे आपल्याला माहीत असतात. ९ एप्रिल १९४५ ला, एमिलिया-रोमान्या भागातल्या सेन्यो नदीच्या काठी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव आपल्या जखमी साथीदारांना सुरुंगांच्या पट्ट्यातून खांद्यावर वाहून आणत होते. मग एकट्याने शत्रूच्या मशीनगन बंद पाडून ते नदीच्या बांधावर चढले आणि मराठ्यांची रणगर्जना दिली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. जाधव तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. सेन्योची फळी फुटली ती त्या दिवशी, आणि पंधरा दिवसांनी, २४ एप्रिलला, रेज्जो मोकळं झालं. व्हिया एमिलियावरच, पूर्वेला, फोर्ली शहरात भारतीय सैनिकांचं युद्धस्मारक आहे. चेल्लाच्या शाळेचा मुलुख आणि निमजच्या शिपायाच्या लढाईचा मुलुख एकच होता, असं म्हटलं तर ती कविकल्पना ठरणार नाही. नकाशा काढून बघावा.

तर एप्रिल संपता संपता जर्मन गेले. २५ एप्रिल हा दिवस इटली आजही मुक्तिदिन म्हणून पाळते. चेल्लाच्या वाट्याला आला तो वर सांगितलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे. घोड्याला लगेच गिऱ्हाईक मिळतं, नांगराला जुंपता येतो. ट्रकही खपतो. रणगाड्याचं काय करायचं? लोखंड म्हणून विकायचा. भंगार विकून जे पैसे आले ते सगळ्या गावाचे, तेव्हा त्यांचं काय करायचं हे गावाने बसून ठरवायचं झालं. काही पुरुषांच्या मनात नाट्यगृह होतं असं सांगतात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, वीस वर्षं मोकळेपणी हसायला बंदी असलेल्या माणसाला नाटक हवंसं वाटणारच. पण बायकांनी शाळा मागितली, तीही लहान मुलांची, तीन ते सहा वर्षांच्या. आणि बायकांचं चाललं.

या बायकांनी तोवर आयुष्यात एकदाही मतदान केलेलं नव्हतं. इटलीत स्त्रियांना मताचा हक्क देणारा हुकूम निघाला तो फेब्रुवारी १९४५ मध्ये, आणि प्रत्यक्ष मत टाकायला मिळालं ते १९४६ मध्ये. म्हणजे चेल्लाच्या बायकांनी देशाचं सरकार निवडण्याआधी गावाचा पैसा कुठे घालायचा ते ठरवलं. युद्धात त्यांनी निरोप पोचवले होते, माणसं लपवली होती, पुरुष डोंगरात असताना शेतं ओढली होती. आता पुन्हा चूल आणि मूल असं त्यांना कोणी म्हणालं असतं, तर मूल ठीक आहे, पण ते सांभाळायला गावाने जागा द्यावी, असा त्यांचा हिशेब होता. शेतावर जायचं तर पोर कुणाजवळ ठेवायचं, या एका रोखठोक प्रश्नातून ही संस्था निघाली आहे. पुढे जगभरचे विद्वान तिच्याबद्दल जे बोलले ते सगळं त्यानंतरचं.

जमीन एका शेतकऱ्याने दिली. विटा आणि वासे बाँबने पडलेल्या घरांचे. वाळू नदीतून. मजुरी कुणीच घेतली नाही. दिवसा ज्याचं त्याचं काम आणि रात्री, रविवारी शाळेचं बांधकाम. आपण ज्याला श्रमदान म्हणतो ते हेच, फक्त तिथे फोटो काढायला कोणी पुढारी आलेला नव्हता.

या विटांपाशी मला थांबावंसं वाटतं. जुन्या घराची वीट काढणं हे काम ज्यांनी केलं असेल त्यांना माहीत आहे. चुन्यातलं बांधकाम असेल तर वीट सुटते. हातोडीच्या मागच्या बाजूने हलके ठोके देत गेलं की चुन्याचे पोपडे पडतात आणि आतून अख्खी, लालसर वीट हाताला लागते. सिमेंटातली वीट सुटत नाही, फुटते. मग ती पाण्यात टाकून धुवायची, कारण धूळ बसलेली वीट नवा मसाला धरत नाही आणि कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते. दिवसभरात हाताच्या चामड्याची सालपटं निघतात. चेल्लामध्ये हे काम बायका करत होत्या. आणि ढिगाऱ्यातली वीट कोणाच्या घरची आहे हे त्या एवढ्याशा गावात कोणाला ठाऊक नसणार? स्वयंपाकघराच्या भिंतीची, गोठ्याची, ज्या घरातला माणूस परत आला नाही त्या घराची. सगळ्यांच्या विटा एका भिंतीत गेल्या. सलोखा हा शब्द न उच्चारता गावाने जे केलं ते एवढंच, आणि माझ्या मते शाळा उघडण्याआधी शाळेने केलेलं सगळ्यात मोठं काम तेच.

युद्ध संपून सहा दिवस झाले असतील नसतील, तेव्हा शहरातून एक पंचवीस वर्षांचा मास्तर सायकल मारत तिथे आला. नाव लॉरिस मालागुत्झी. जवळच्या कोर्रेज्जोमध्ये २३ फेब्रुवारी १९२० ला जन्मलेला. युद्धाच्या दिवसांत डोंगरातल्या सोलोन्यो गावी मास्तरकी केलेली. वर ज्या चेर्वारोलोचा उल्लेख आला ते सोलोन्योच्याच तालुक्यात. कुठल्याशा खेड्यात लोक स्वतःच शाळा बांधताहेत अशी बातमी त्याच्या कानावर आली होती आणि त्याचा तिच्यावर विश्वास बसला नव्हता. आला तर खरंच बायका विटा धूत बसलेल्या. पैसे कुठून आणणार विचारलं तर रणगाड्याचं उत्तर मिळालं. मी शिक्षक आहे, म्हणाला. तर त्यांनी त्याला आदराने खुर्ची वगैरे दिली नाही. शिक्षक असशील तर ये कामाला, अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. त्याने पुढे आयुष्यभर ही आठवण सांगितली. शिक्षणाबद्दल पुस्तकांत शिकलेलं सगळं त्या दुपारी उलटंपालटं झालं असं त्याचं म्हणणं. शाळा सरकार काढतं, चर्च काढतं, श्रीमंत धर्मादाय म्हणून काढतात. ज्यांच्यासाठी काढतात त्यांनीच ती काढावी हे पुस्तकात कुठेच नव्हतं.

शाळेला नाव मिळालं '२५ एप्रिल'. लोक तिला 'असीलो देल पोपोलो' म्हणत, लोकांचं असीलो. असीलो हा जुना शब्द, अर्थ आसरा. एकोणिसाव्या शतकापासून इटलीत लहान मुलांच्या शाळांना हाच शब्द होता आणि त्यात दयेचा वास होता : गरिबांच्या पोरांना दिवसभर ठेवून घेण्याची जागा. चेल्लाने जुना शब्द ठेवला आणि पुढे 'लोकांचं' लावून त्यातली दया काढून टाकली. गावातल्या पुरुषांनी आणि बायकांनी मिळून या भिंती बांधल्या, कारण आपल्या मुलांसाठी आपल्याला नवी आणि वेगळी जागा हवी होती, अशा आशयाचा मजकूर त्यांनी शाळेसाठी कोरून ठेवला. त्यात कोणा एकाचं नाव नाही.

पहिले दिवस गोड नव्हते. त्या काळातल्या अशा शाळांबद्दल मालागुत्झींनी जे सांगितलं आहे त्यात उपाशी, आजारी मुलं आहेत. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही आदिवासी पाड्यावरच्या शिक्षकाला लगेच कळेल अशी : मुलांना शाळेची भाषाच परकी होती. घरात एमिलियाची बोली. पुस्तकी इटालियन म्हणजे सरकारी कचेरीची भाषा. शिक्षकांनी आईबापांनाच मदतीला बोलावलं. पण आईबापांना शाळेच्या बैठकीत बोलायची सवय कुठे होती? इच्छा भरपूर, अनुभव शून्य. संध्याकाळी चिखलाचे बूट घालून आलेला गडी आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकून आलेली बाई समोरासमोर बसून मुलाच्या जेवणावर, कपड्यावर, भांडणावर बोलायला शिकली, ती याच बैठकांत. कमिटी कशी चालवायची, हिशेब कसा मांडायचा, ज्याचं पटत नाही त्याचंही शेवटपर्यंत कसं ऐकायचं. वीस वर्षं फक्त हुकूम ऐकलेल्या गावाला ही उजळणी मुलांपेक्षा जास्त गरजेची होती.

चेल्लाचं पाहून शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांत आणखी सात शाळा निघाल्या, सगळ्या पालकांनी चालवलेल्या. इटालियन स्त्रियांच्या 'उदी' या संघटनेचा त्यात मोठा हात होता. सगळ्या तगल्या नाहीत. पैसा नव्हता, मुलांच्या शाळांवर वर्षानुवर्षं चर्चची पकड होती, आणि १९४८ नंतर रोमचं सरकार एका बाजूचं आणि रेज्जोची नगरपालिका डाव्यांची, असा सामना सुरू झाला. काही शाळा जवळजवळ वीस वर्षं कशाबशा ओढल्या गेल्या. 'ओढल्या' हाच शब्द बरोबर आहे. ज्यांनी गावात वर्गणी मागत संस्था चालवली आहे त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

या स्मरणिकेत परमुलखातल्या शाळेचा इतिहास कशाला, असं कोणी विचारील म्हणून १९४५ या सालाकडे बोट दाखवतो. त्याच वर्षी ताराबाई मोडकांनी मुंबई-दादरचं बस्तान सोडून समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडची टेकडी, वारल्यांच्या पाड्यातली अंगणवाडी, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. तिथे बाँब पडले नव्हते. वेठबिगारी मात्र होती, आणि त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली तिच्याविरुद्ध उठले. चेल्ला आणि बोर्डी यांना एकमेकींची खबर नव्हती. पण एक धागा आहे आणि तो गमतीचा आहे. चेल्लाच्या बायका विटा धूत होत्या तेव्हा इटलीची जगप्रसिद्ध बालशिक्षणतज्ज्ञ इटलीत नव्हतीच, ती भारतात होती. मारिया माँटेसोरींचं मुसोलिनीशी बिनसलं, १९३४ मध्ये त्यांनी देश सोडला, १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. १९४० मध्ये इटली शत्रुराष्ट्र ठरल्यावर त्यांचा मुलगा मारियो याला इंग्रजांनी काही काळ स्थानबद्ध केलं ते अहमदनगरला. नामदेव जाधवांच्या जिल्ह्यात.

मालागुत्झींनी माँटेसोरी वाचली होती, पण चेल्लाचा वळसा त्यांना वेगळीकडे घेऊन गेला. नोव्हेंबर १९६३ मध्ये रेज्जोच्या नगरपालिकेने स्वतःची पहिली बालशाळा काढली, लाकडी इमारतीत, दोन वर्ग, साठ मुलं, नाव 'रॉबिन्सन'. १९६७ मध्ये पालकांच्या शाळाही नगरपालिकेकडे आल्या. बायकांनी यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते, सह्या गोळा केल्या होत्या. संस्था सरकारजमा झाली की तिचा आत्मा जातो, असं आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे. इथे लोकांनीच ती सरकारच्या गळ्यात घातली, पण कमिटीत बसायचा हक्क सोडला नाही. स्वयंपाकघर शाळेच्या मध्यावर आणि उघडं, स्वयंपाकीण शिक्षकांच्या बैठकीला, एका वर्गाला दोन शिक्षक, चित्रं-मातीकाम करायला वेगळी खोली आणि त्यासाठी कलाशिक्षक. रेंझो बोनाझ्झी हे नगराध्यक्ष सांगत, की मुकाट्याने ऐकणारी माणसं किती घातक ठरतात हे आम्ही फॅसिझममध्ये पाहिलं, म्हणून स्वतः विचार करणारी मुलं आम्हाला हवी होती. १९७६ मध्ये या शाळांविरुद्ध रेडिओवरून जोराची मोहीम झाली, मुलांना बिघडवतात वगैरे. मालागुत्झींनी नेहमीचं कामकाज थांबवून टीका करणाऱ्या पाद्र्यांनाच शाळेत बोलावलं. चर्चा जवळपास पाच महिने चालली. १९९१ मध्ये न्यूजवीकने जगातल्या उत्तम शाळांत रेज्जोची 'दियाना' बालशाळा घातली आणि विमानं भरभरून पाहुणे येऊ लागले. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, इथे पुन्हा नको. मालागुत्झी ३० जानेवारी १९९४ ला गेले. '२५ एप्रिल' शाळा चेल्लामध्ये भरते आहे.

एक नाव राहिलं. सात मुलगे एका सकाळी गेल्यावर चेर्वींच्या घरात उरलेली त्यांची आई, जेनोवेफ्फा. पुढे त्यांचं घरही जाळलं, आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये, युद्ध संपायला पाच-सहा महिने उरले असताना ती खचून वारली. नवरा अल्चीदे सुना-नातवंडांना घेऊन पुन्हा शेतीला लागला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रेज्जोच्या नगरपालिकेने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पहिलं पाळणाघर काढलं, आणि दारावर जेनोवेफ्फा चेर्वी हे नाव लावलं. सकाळी कामावर निघालेल्या आया तिच्याकडे पोरं सोडून जातात.